ठिपका, रेघ आणि रान : यमुनेची हद्द संगणकात भरताना



आजच्या भागाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. दिल्लीच्या उत्तरेला सोनीपत आणि बागपत हे दोन जिल्हे समोरासमोर आहेत. सोनीपत हरियाणात, बागपत उत्तर प्रदेशात, आणि मधून यमुना वाहते. या दोन जिल्ह्यांची हद्द नेमकी काय आहे? नदी? नदीकाठचे खांब? की दोन्हीकडच्या गावांची शेतं?

तलाठ्याला विचाराल तर तो शेतं म्हणेल. सर्व्हेवाला खांब दाखवेल. गावातला म्हातारा नदीकडे बोट करेल. गंमत अशी की तिघंही बरोबर आहेत. खांब म्हणजे ठिपका, नदी म्हणजे रेघ आणि शेत म्हणजे रान, म्हणजेच क्षेत्र. एकाच हद्दीत हे तीन प्रकार एकत्र नांदतात. संगणकावर नकाशे करणारी तरुण मंडळी अशा एकत्र गाठोड्याला 'जिऑमेट्री कलेक्शन' म्हणतात. हे गाठोडं कसं सोडायचं, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. मला मात्र त्यात दोनशे वर्षांचा इतिहास दिसतो. हे तीन प्रकार आपल्या देशात तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या वेळी तयार केले. ते समजल्याशिवाय गाठोडं सोडायला बसलं की काहीतरी हरवतं, आणि जे हरवतं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी पोटापाण्याचं असतं.

आधी ठिपका

भारतात शास्त्रशुद्ध ठिपका आला तो तोफखान्यासाठी नाही की महसुलासाठीही नाही. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टन या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली. तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत काम उत्तरेकडे सरकत गेलं. यालाच आपण ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे म्हणतो. लॅम्टन हे काम करता करताच १८२३ मध्ये वारले, आणि तेही आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. तिथेच त्यांना पुरलं. विदर्भातल्या श्रोत्यांनी कधी वाट वाकडी करून ती जागा जरूर पाहावी. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनी ही साखळी गंगा-यमुनेच्या मैदानातून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मैदानात टेकडी कुठली? म्हणून त्यांनी विटांचे उंच मनोरे बांधले आणि त्यांवरून दुर्बिणी रोखल्या.

या सगळ्या खटाटोपातून मिळालं काय? ठिपके. प्रत्येकाला नाव, अक्षांश, रेखांश आणि उंची. ठिपक्याला लांबी नाही, रुंदी नाही, मालक नाही. तो फक्त 'मी इथे आहे' एवढं सांगतो. त्याची ताकद तीच आहे, कारण बाकी सगळं त्याच्या आधारानं मोजता येतं. पण ठिपक्याला 'तुझं क्षेत्रफळ किती' असं विचारलं तर उत्तर शून्य येणार. ते उत्तर खोटं नसतं. चूक प्रश्नातच असते.

मग रान

क्षेत्र मोजायची गरज वेगळ्यांना होती. शेतसारा ठरवायचा तर शेत केवढं ते कळलं पाहिजे. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिनं आपल्याला 'सर्व्हे नंबर' दिला. हातात साखळी, बांधावर दगड, आणि कागदावर बंद आकृती. दिल्ली-हरियाणाकडे यालाच खसरा नंबर म्हणतात आणि गावाच्या नकाशाला शजरा. हा शजरा पटवारी कापडावर काढलेला बाळगायचा, घडी करून बगलेत मारायचा आणि शेतात नेऊन उलगडायचा.

या मोजणीत जगाच्या पाठीवर आपण कुठे आहोत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपलं शेत शेजारच्या शेताला कुठे लागतं, एवढंच महत्त्वाचं होतं. म्हणून गावच्या नकाशात आकार बरोबर आणि जागा मात्र तरंगती, असा प्रकार पुष्कळदा सापडतो. ठिपकेवाल्यांचं नेमकं उलटं होतं. त्यांच्याकडे जागा पक्की, पण शेत एकही नाही.

क्षेत्राच्या पोटातही भानगडी असतात. दिल्लीत १९०८ पासून एक शब्द चालत आला आहे, 'लाल डोरा'. गावाची वस्ती आणि शेतजमीन वेगळी दाखवायला नकाशावर लाल रेघेचा वेढा काढायचा. आपल्याकडचं गावठाण म्हणजे हेच. वेढ्याच्या बाहेर प्रत्येक तुकड्याला नंबर आणि मालक. वेढ्याच्या आत घरांची तशी नोंदच नाही. संगणकाच्या भाषेत हे क्षेत्राच्या पोटातलं भोक झालं. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली स्वामित्व योजना याच भोकाच्या आतली घरं ड्रोनने मोजून कागदावर आणण्यासाठी आहे. शंभर वर्षं नकाशात जे भोक राहिलं, तिथल्या माणसाला स्वतःच्या घरावर बँकेचं कर्ज मिळवणं अवघड होतं. नकाशातल्या भोकाची किंमत ही अशी मोजावी लागते.

आणि क्षेत्र एकसंध असलंच पाहिजे असंही नाही. आपलं सांगली संस्थान आठवा. सांगली इथे, मंगळवेढं तिकडे, तेरदाळ आणि शिरहट्टी आज कर्नाटकात, आणि बेळगावला खेटून असलेलं शहापूरही सांगलीकरांचंच. राजा एक, मुलूख विखुरलेला. याला संगणक 'मल्टिपॉलिगॉन' म्हणतो. म्हणजे अनेक तुकडे, पण प्रकार एकच. हा फरक पक्का ध्यानात ठेवा. पाच शेतांचं गाठोडं सरळ असतं. एक शेत, एक नदी आणि एक खांब यांचं गाठोडं मात्र मिश्र असतं. पहिल्यावर हिशोब चालतो. दुसऱ्यावर तो चालल्यासारखा नुसता दिसतो.

दिल्ली कशाची बनली?

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. १ ऑक्टोबर १९१२ रोजी पंजाबातून वेगळा दिल्ली प्रांत काढला गेला. जुन्या दिल्ली जिल्ह्यातली दिल्ली तहसील आणि मेहरौलीचं ठाणं घेतलं, सोनीपत आणि बल्लभगडचा उरलेला भाग पंजाबातच शेजारच्या जिल्ह्यांना जोडला. पुढे १९१५ मध्ये यमुनेच्या पूर्वेकडची, मेरठ जिल्ह्याच्या गाझियाबाद तहसिलीतली ६५ गावं दिल्लीला मिळाली. आज शाहदरा आणि लक्ष्मीनगरच्या भागात जी मराठी कुटुंबं राहतात, ती दिल्लीकर म्हणवतात ती त्या ६५ गावांमुळे. नाहीतर यमुना ओलांडली की उत्तर प्रदेश, असाच हिशोब राहिला असता.

इथे एक गोष्ट पाहा. पूर्वेकडची दिल्ली गावांची यादी करून बनली. तिथली हद्द बहुतांशी गावांच्या बाहेरच्या बांधांवरून जाते, म्हणजे ती क्षेत्रांमधून जन्मलेली हद्द आहे. त्याच यमुनेच्या काठानं वर सोनीपत-बागपतकडे किंवा खाली फरीदाबाद-नोएडाकडे गेलात की हद्दीचा जन्मच वेगळा. तिथे नदीच हद्द होती. नदी एकच, प्रवास फार तर एका दिवसाचा, पण हद्दीचा प्रकार दोनदा बदलतो. जो माणूस या सगळ्याला एकच 'बाउंड्री' समजून संगणकात भरतो, त्याची गडबड तिथेच सुरू होते.

रेघ जागा सोडते तेव्हा

दोन राज्यांमधली हद्द म्हणजे यमुनेची खोल धार, असा जुना नियम. ऐकायला सुटसुटीत आहे. पण यमुना ही मैदानातली नदी. प्रत्येक मोठ्या पुरात ती कूस बदलते, एक काठ खाते आणि दुसरीकडे गाळ टाकते. काल पूर्वेला असलेलं शेत उद्या पश्चिमेला. रेघ हलली की रानाचं राज्य बदलतं. पेरणी एका काठच्या शेतकऱ्याने करावी आणि कापणीच्या वेळी दुसऱ्या काठचा लाठ्या घेऊन उभा राहावा, हे या खादरच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं चाललं. डोकी फुटली, बंदुका निघाल्या, खटले झाले.

अखेर १९७० च्या दशकात केंद्रीय मंत्री उमाशंकर दीक्षित यांच्या लवादाने तोडगा दिला, आणि त्यावर १९७९ मध्ये संसदेने हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमा बदलण्याचा कायदा केला. त्यातली मुख्य कल्पना एका वाक्यात सांगता येते. हलती धार सोडा, ठरलेली रेघ धरा. ही रेघ जमिनीवर दिसावी म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या मोजणीनुसार खांब उभे राहिले. म्हणजे रेघेला ठिपक्यांनी खिळलं. रेघेच्या चुकीच्या बाजूला पडलेली रानं एका राज्यातून दुसऱ्यात गेली. मालक तोच, पण दप्तर परक्या राज्याच्या तहसिलीत.

मग भांडणं मिटली का? पुष्कळशी मिटली, सगळी नाही. कारण खांब नदीच्या पात्रात होते. काही पुरात वाहून गेले, काही गाळात गाडले गेले, काही 'नाहीसे' झाले. ठिपके गेले की रेघ पुन्हा ज्याच्या त्याच्या डोक्यातली. म्हणून अलीकडच्या वर्षांत दोन्ही राज्यांच्या प्रशासनांना सर्व्हे ऑफ इंडियाला सोबत घेऊन पुन्हा खांब उभारण्याची कामं हाती घ्यावी लागली.

आम्हा फौजी लोकांना या गोष्टीचं आणखी मोठं उदाहरण पाठ असतं. २७ जुलै १९४९ च्या कराची करारात काश्मीरमधली युद्धविराम रेषा लिहून काढली गेली. भारतातर्फे सही होती लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांची. ही रेषा डोंगरदऱ्यांतून एनजे ९८४२ या ठिकाणापर्यंत आणली आणि तिथून पुढे हिमनद्यांकडे उत्तरेला, एवढंच लिहून थांबले. नकाशा वाचायला शिकलेला कुठलाही जवान सांगेल की चार आकडी ग्रिड संदर्भ हा खरं तर ठिपका नसतो, तो एक चौकोन असतो. म्हणजे रेघ एका चौकोनाला येऊन टेकली, आणि पुढे फक्त दिशा. दिशा म्हणजे ठिपका नव्हे, रेघ नव्हे, क्षेत्रही नव्हे. ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगढला नियंत्रण रेषेचे नकाशे पक्के झाले, तेव्हाही रेघ तिथेच थांबली. त्या न काढलेल्या रेघेपायी १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, आणि तेव्हापासून आपली पोरं सियाचीनच्या बर्फात उभी आहेत. हद्दीच्या लिखाणात कुठला भाग कुठल्या प्रकारचा आहे हे मोघम ठेवलं, तर ते मोघमपण शेवटी कुणीतरी अंगावर घेतं.

आता संगणक

१९९९ मध्ये ओपन जीआयएस कन्सॉर्शियमने साध्या आकृत्यांचं एक मानक पक्कं केलं. त्यात ठिपका, रेघ, क्षेत्र, या तिघांचे 'मल्टी' म्हणजे अनेकवचनी प्रकार, आणि सातवं ते मिश्र गाठोडं. त्याआधीपासून चालत आलेली शेपफाइल मात्र कडक सोवळ्यातली आहे. एका फाइलमध्ये एकच प्रकार, मिश्रण चालत नाही. पुढे आलेल्या जिओजेसनमध्ये मिश्रण चालतं, पण २०१६ साली त्याचं मानक लिहिणाऱ्यांनीही गाठोड्यात गाठोडं बांधू नका असा सल्ला दिलाच. आमच्या टोपोशीटची छपाईही याच शिस्तीची होती. पाणी निळं, उंचीच्या रेषा तपकिरी, झाडी हिरवी, अशा प्रत्येक रंगाची छपाईची पाटी वेगळी. कागदावर सगळं एकत्र दिसायचं, पण तयार वेगवेगळं व्हायचं.

मग मिश्र गाठोडं येतं कुठून? कुणी मुद्दाम बांधत नाही, ते हिशोबातून निघतं. समजा हरियाणाच्या दप्तरातला एका गावाचा नकाशा आणि उत्तर प्रदेशच्या दप्तरातला समोरच्या गावाचा नकाशा तुम्ही संगणकात एकावर एक ठेवलात आणि विचारलंत, 'दोघांत सामाईक काय?' उत्तरात तीन गोष्टी येऊ शकतात. जिथे दोन्ही गावांचा बांध तंतोतंत एकच आहे, तिथे रेघ मिळेल. जिथे दोन्ही फक्त कोपऱ्याला टेकतात, तिथे ठिपका. आणि जिथे दोन्ही दप्तरं एकाच जमिनीवर हक्क सांगतात, तिथे क्षेत्र. संगणक हे तिन्ही एका गाठोड्यात बांधून तुमच्या हाती देतो.

आता त्या गाठोड्याकडे नीट पाहा. रेघ म्हणजे शेजार. ठिपका म्हणजे कोपऱ्याचा दगड, खांबाची जागा. क्षेत्र म्हणजे भांडण. साध्या यंत्राने तुम्हाला अख्ख्या तंट्याची वर्गवारी करून दिली आहे. ती वाचायची की विस्कटायची, हे तुमच्या हातात.

विस्कटणं फार सोपं आहे. गाठोड्याचं क्षेत्रफळ विचारा. ठिपके आणि रेघा मुकाट्याने शून्य देतात, क्षेत्राचा आकडा मिळतो आणि सगळं ठीक वाटतं. लांबी विचारा. पोस्टजीआयएसमध्ये फक्त रेघांची लांबी येते, क्षेत्राचा परिघ त्यात धरला जात नाही. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही. त्याच प्रणालीत गाठोड्यातून हवा तो प्रकार वेगळा काढायची एक आज्ञा आहे. तिला १, २ किंवा ३ असा आकडा द्यायचा, म्हणजे ठिपके, रेघा किंवा क्षेत्रं. आकडा न देता तीच आज्ञा चालवली, तर गाठोड्यातला सर्वांत वरचा प्रकार तेवढा परत मिळतो, बाकीचे गळतात. क्षेत्रं असतील तर रेघा आणि ठिपके गेले. म्हणजे भांडण राहिलं आणि ते मिटवायला लागणारे खांब फेकले गेले!

काही जण दुसरी पळवाट काढतात. सगळ्याला एक मीटरचा पदर लावायचा, की ठिपका गोल होतो, रेघ पट्टा होते आणि सगळंच क्षेत्र बनतं. फाइल स्वच्छ दिसते. पण पाच किलोमीटरच्या बिनभांडणाच्या बांधाला दोन्ही बाजूंनी एकेक मीटर लावलात, की दहा हजार चौरस मीटरची, म्हणजे सरळ एक हेक्टर जमीन शून्यातून उभी राहिली. दप्तरात ती 'वादग्रस्त' म्हणून चढली, तर पुढच्या पिढीला तिच्यासाठी वकील करावा लागेल.

मग करायचं काय? जे चांगला पटवारी आणि चांगला सर्व्हेवाला नेहमी करत आले तेच.

पहिलं, गाठोडं सोडून प्रत्येक तुकडा सुटा करा, आणि तो कुठल्या दोन गावांतून आला ती खूण त्याच्याबरोबर ठेवा. बेवारशी तुकडा पुढे काही कामाचा नाही.

दुसरं, तीन ढीग करा. ठिपके, रेघा, क्षेत्रं. सोडण्याआधी किती तुकडे होते आणि तीन ढिगांत मिळून किती आहेत, ही मोजदाद जुळलीच पाहिजे. रात्रीच्या हजेरीत एक जवान कमी भरला तर कुणी झोपायला जात नाही. तसंच हे.

तिसरं, क्षेत्रांच्या ढिगात सुयांसारख्या लांबट चिंचोळ्या पट्ट्या असतात. एकच बांध दोन वेळा, दोन वेगळ्या साखळ्यांनी मोजला की अशा पट्ट्या निघतात. त्या मोजणीतल्या फरकाच्या असतात, भांडणाच्या नव्हेत. किती रुंदीपर्यंतचा फरक मोजणीचा मानायचा, हे आधी ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या गावांना तोच नियम लावा. आणि अशी पट्टी वगळलीत तर ती पुसू नका, वेगळ्या ढिगात जपून ठेवा. एखाद्या ठिकाणी तीच पट्टी खऱ्या रस्त्याची निघते.

चौथं, प्रत्येक ढिगाला त्याला शोभणारा प्रश्न विचारा. ठिपक्याला विचारा, खांब जागेवर आहे का? रेघेला विचारा, किती लांबीची हद्द निर्विवाद आहे? क्षेत्राला विचारा, किती जमीन, कुणाच्या ताब्यात, कुठल्या दप्तरात? तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडा, त्यांची बेरीज करू नका.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रिकामा ढीग दिसला तरी तो नोंदवा. 'या गावात एकही वादग्रस्त क्षेत्र नाही' हीसुद्धा माहिती आहे, आणि दोन गावांना शांत झोप देणारी माहिती आहे.

हे सगळं नीट झालं तर काय होऊ शकतं, याचंही एक उदाहरण आपल्या देशात आहे. कूचबिहारच्या सीमेवर भारताच्या पोटात बांगलादेशाचे तुकडे आणि बांगलादेशाच्या पोटात भारताचे तुकडे होते. एके ठिकाणी तर तुकड्याच्या पोटातल्या तुकड्याच्या पोटातही तुकडा होता. तिथल्या माणसाला धड ना शाळा, ना मतदान. दोन्ही देशांनी बसून एकेक तुकडा ओळखला, मोजला, यादीत घातला. मग ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे एकमेकांना दिले गेले. गोळी झाडली गेली नाही. आधी यादी, मग देवाणघेवाण, हा क्रम पाळला गेला.

दिल्लीच्या आसपास आज गुरुग्राम, नोएडा आणि गाझियाबादच्या कचेऱ्यांमध्ये आपली कितीतरी मराठी मुलं-मुली हेच नकाशाचं काम करतात. २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या माहितीवरचे जुने निर्बंध सैल केले, २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, आणि या कामाला आता तोटा नाही. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल तर एवढंच सांगेन. स्क्रीनवर 'जिऑमेट्री कलेक्शन' असे शब्द आले की वैतागून क्षेत्रं ठेवून बाकीचं उडवू नका. ती रेघ म्हणजे दोन गावांनी पिढ्यान् पिढ्या मान्य केलेला बांध असू शकतो. तो ठिपका म्हणजे पुरात गेलेल्या खांबाची एकमेव शिल्लक नोंद असू शकते. यमुनाकाठच्या त्या शेतकऱ्याला तुमची आज्ञावली कधी दिसणार नाही. पण पुढच्या कापणीला त्याच्या शेतात कोण उभा राहील, हे काही अंशी तीच ठरवते.

पुढच्या भागात आपण नद्या सोडून किनाऱ्याकडे जाऊ. भरती-ओहोटीच्या रेषा कोण आणि कशा ठरवतं, ते कोकणातल्या खाड्यांच्या निमित्तानं पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद, जय महाराष्ट्र.